क्रिप्टो ऑप्शनचे ग्रीक्स ओढून घेताना: आकडे जुळत का नाहीत?

उंबरठा
मंडळी, ऑप्शन ट्रेडिंग आणि थोडंफार पायथन, दोन्ही येणाऱ्यांसाठी हा धागा.

बिटकॉइन आणि इथरचे ऑप्शन माझ्याकडे दोन-तीन एक्स्चेंजवर विखुरलेले आहेत. दर मिनिटाला एक तक्ता हवाय: एकूण ग्रीक्स, म्हणजे डेल्टा (भाव हलला तर ऑप्शनची किंमत किती हलते), गॅमा (त्याने डेल्टा किती बदलतो), व्हेगा (आयव्ही, म्हणजे बाजाराने धरलेली अस्थिरता, बदलली तर किंमत किती हलते), थीटा (दिवसाला किती झिजते). सीसीएक्सटी (वेगवेगळ्या एक्स्चेंजशी एकाच पद्धतीने बोलणारी) लायब्ररी वापरतोय. त्यातल्या फेच-ग्रीक्सला सिंबॉल दिला की आकडे येतात, इथवर ठीक. पुढे तीन ठिकाणी गाडी अडते.

एक, पूर्ण चेनवर (एका नाण्याच्या सगळ्या ऑप्शनच्या यादीवर) लूप फिरवला की शेकडो एपीआय कॉल्स (सर्व्हरला विनंत्या) होतात. शेवटचा आकडा येईपर्यंत पहिला शिळा होतो, वर अधूनमधून 'फार विनंत्या झाल्या' म्हणून एरर.
दोन, तोच स्ट्राइक (ठरलेला भाव), तीच एक्स्पायरी (मुदत संपायची वेळ). ॲट-द-मनी (स्ट्राइक चालू भावाएवढा) कॉल ऑप्शन, म्हणजे खरेदीचा हक्क, ३० दिवस बाकी, आयव्ही ६० च्या आसपास. एका ठिकाणी डेल्टा ०.५३, दुसरीकडे ०.४७. इतका फरक आर्बिट्राजवाले (दोन ठिकाणच्या फरकावर कमावणारे) राहू देतील का?
तीन, गॅमा जवळजवळ सगळीकडे ०.००००१ नाहीतर ०.००००२ दिसतो. यातून काय कळणार?

तुम्ही कसं करता?

गॅमासुर
एक्स्चेंजच्या स्क्रीनवर सगळं दिसतं की. कोड कशाला?

उंबरठा
@गॅमासुर, तीन स्क्रीनवरची बेरीज मनात करायची का?

कोरडा_विदा
पहिला मुद्दा सोपा आहे, तो आधी निकालात काढू.

प्रत्येक एक्स्चेंजचं दार वेगळं असतं. बायनान्सच्या ऑप्शन एपीआयमध्ये 'मार्क' नावाचा एंडपॉइंट आहे. सिंबॉल न देता बोलावला तर सगळ्या ऑप्शनचे मार्क प्राइस (एक्स्चेंजने काढलेला हिशेबाचा भाव), आयव्ही आणि चार ग्रीक्स एका झटक्यात येतात. बायबिटच्या व्ही५ एपीआयच्या टिकर्समध्ये (चालू भावांच्या नोंदींत) कॅटेगरी 'ऑप्शन' आणि बेस कॉइन दिला की तसंच. ओकेएक्समध्ये 'ऑप्ट-समरी', तिथेही अख्खं कुटुंब एकदम. डेरिबिटवर मात्र ग्रीक्स 'टिकर'मध्ये असतात आणि टिकर एका वेळी एकाच इन्स्ट्रुमेंटचा मिळतो. करन्सीनुसार बुक समरी मागवली तर सगळी चेन येते, पण त्यात मार्क आयव्ही असतो, ग्रीक्स नसतात.

म्हणून तिथे दोनच रस्ते. फक्त स्वतःच्या पोझिशन्सचे टिकर वेबसॉकेटवर (सतत उघड्या जोडणीवर) सबस्क्राइब करा. दहा-वीस चॅनल असतील, काही बिघडत नाही. किंवा बुक समरीतून मार्क आयव्ही आणि अंडरलाइंग प्राइस घ्या आणि ग्रीक्स घरी काढा. लूप फिरवणं हा रस्ता नाही. लूपच्या शेवटी तुमच्या हातात चेन नसते, वेगवेगळ्या क्षणांचे तुकडे जोडून केलेली गोधडी असते.

आणि बाजाराचा सार्वजनिक विदा घ्यायला एपीआय-की (किल्ली) लागत नाही. स्वतःच्या पोझिशन्स वाचायला लागते. ती फक्त वाचनाच्या परवानगीची बनवा, ट्रेड आणि विथड्रॉवलचे टिक काढून टाका.

नुसता_वाचक
वाखु (वाचनखूण) साठवली. पुढे?

पुस्तकी_पंडित
दुसरा मुद्दा माझा. ०.५३ आणि ०.४७ यात आर्बिट्राज वगैरे काही नाही. दोन्ही बरोबर आहेत.

ब्लॅक-७६ (ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र) घ्या, व्याजदर शून्य धरा. फॉरवर्ड (त्या एक्स्पायरीचा आगाऊ भाव) १,००,००० डॉलर, स्ट्राइक तेवढाच, आयव्ही ६० टक्के, ३० दिवस. डी-वन (सूत्रातली मधली राशी) येतो ०.०८६, डेल्टा ०.५३४, किंमत सुमारे ६,८५४ डॉलर, म्हणजे ०.०६८५ बिटकॉइन.

आता हा ऑप्शन इन्व्हर्स आहे, प्रीमियम बिटकॉइनमध्येच मोजायचा. कॉल घेतला की तुमच्या वॉलेटमधून ०.०६८५ बिटकॉइन गेले. ते बिटकॉइन स्वतःच एक लाँग पोझिशन होती, ती कमी झाली. म्हणून व्यवहारानंतर तुमचा बिटकॉइनशी असलेला खरा संबंध ०.५३४ वजा ०.०६८५, म्हणजे ०.४६६ ने वाढला. हा प्रीमियम-ॲडजस्टेड डेल्टा. परकीय चलनाच्या ऑप्शनवाले हे कित्येक वर्षं करत आलेत, क्रिप्टोने नवीन काही शोधलेलं नाही.

ओकेएक्सच्या उत्तरात दोन्ही असतात: नुसता 'डेल्टा' म्हणजे ॲडजस्टेड, आणि 'डेल्टा-बीएस' म्हणजे ब्लॅक-शोल्सचा (नेहमीच्या सूत्राचा, प्रीमियम वजा न केलेला). डेरिबिटच्या टिकरमधला डेल्टा ब्लॅक-शोल्सचा. त्यातून मार्क प्राइस वजा करा, नेट मिळेल. पुटलाही (विक्रीच्या हक्कालाही) वजाच करायचा: इथे −०.४६६ वजा ०.०६८५, म्हणजे −०.५३४. पुटचा मात्र आकडा मोठा होतो, याकडे लक्ष ठेवा.

प्रीमियम यूएसडीटी किंवा यूएसडीसीमध्ये (डॉलरशी बांधलेल्या नाण्यांत) असेल तर ही भानगडच नाही. तिथे ब्लॅक-शोल्सचाच धरा.

खडूस
छान. पण लायब्ररी कशासाठी घेतली होती? 'सगळी एक्स्चेंज एकसारखी' म्हणून ना?

कोरडा_विदा
@खडूस, लायब्ररी कप्प्यांची नावं एकसारखी करते. कप्प्यात कुठल्या मापाचा माल आहे हे ती बघत नाही, आणि बघावं अशी अपेक्षाही ठेवू नये. उत्तरात 'इन्फो' नावाचा कप्पा असतो, त्यात एक्स्चेंजने दिलेलं मूळ जसंच्या तसं येतं. सुरुवातीचे काही दिवस तोच वाचा.

मापांचे नमुने: डेरिबिटचा टिकर मार्क आयव्ही टक्क्यांत देतो, ६० असा. बायबिट, बायनान्स ०.६० असा. आणि गंमत म्हणजे डेरिबिटचंच सगळ्या ऑप्शनचे मार्क प्राइस एकत्र देणारं वेबसॉकेट चॅनल आयव्ही अपूर्णांकात देतं. एकाच घरात दोन मोजपट्ट्या. ऱ्हो (व्याजदराचा ग्रीक) डेरिबिट देतो, बायनान्स-बायबिट देत नाहीत, त्या कप्प्यात 'नन' (None, म्हणजे रिकामं) येईल. एक्स्चेंजला फेच-ग्रीक्स येतं की नाही हे आधी 'हॅज' मध्ये तपासा.

अजून एक. बायनान्स, बायबिट, ओकेएक्स हे आकडे स्ट्रिंग म्हणून पाठवतात. लायब्ररी त्यांचे नंबर करते, पण तुम्ही 'इन्फो' मधून थेट उचललेत तर ते स्ट्रिंगच राहतात, आणि पांडाज (पायथनची तक्त्यांची लायब्ररी) स्ट्रिंगची बेरीज म्हणजे चिकटवाचिकटवी करतं.

शेपटीवाला
पोर्टफोलिओ डेल्टा: "०.५१२०.४८७−०.२२१". हेज करायला कुणी आहे का? =))

गॅमासुर
=)) =))

रात्रपाळी
तिसऱ्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही अजून, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महागात पडणारा आहे.

पंडितांचंच उदाहरण घ्या. त्या कॉलचा गॅमा ०.००००२३१ येतो. टिकरमध्ये तो पाच दशांशांवर गोल झाला की उरतात ०.००००२. म्हणजे १३ टक्के गॅमा गेला. १०० बिटकॉइनच्या पोझिशनवर बाजार एक टक्का हलला तर डेल्टा २.३१ ने बदलायला हवा, तक्ता सांगतो २.०. आणि सगळ्याच पोझिशन्समध्ये चूक एकाच बाजूला नसते. ०.००००१५१ चेही ०.००००२ होतात, तिथे तिसरा हिस्सा फुगला. लांबच्या स्ट्राइकचा ०.०००००४ असेल तर सरळ शून्य.

इथरला हे जाणवत नाही. ३,००० च्या भावाला याच मापांनी गॅमा ०.०००७७ येतो, पाच दशांश पुरतात. भाव जितका मोठा तितका गॅमा बारीक, कारण तो 'एक डॉलर हलला तर' असा मोजलेला असतो. एक्स्चेंजने काही लपवलेलं नाही, एककच बारीक आहे.

उपाय: गॅमा स्वतः काढा आणि तक्त्यात 'एक टक्का हालचालीला डेल्टा किती बदलेल' असं लिहा. गॅमा गुणिले फॉरवर्ड भागिले शंभर. मग बिटकॉइन आणि इथर निदान शेजारी ठेवून बघता येतात.

उंबरठा
@रात्रपाळी, हे फारच कामाचं. मग सगळेच ग्रीक्स घरी काढावेत का? एक्स्चेंजचे ओढायचेच कशाला?

पुस्तकी_पंडित
घरीच काढा. ब्लॅक-७६ च्या पाच ओळी आहेत. मार्क आयव्ही, फॉरवर्ड, वेळ. संपलं.

खडूस
पंडित, आणि लिक्विडेशन (तारण अपुरं पडलं की पोझिशन जबरदस्तीने बंद होणं) तुमच्या पाच ओळी विचारून होणार का? मार्जिन (तारण) त्यांच्या मार्कवर, त्यांच्या मॉडेलवर कापलं जातं. तुमचा डेल्टा कितीही शुद्ध असो, खातं त्यांच्या आकड्यांनी उडतं.

पुस्तकी_पंडित
मार्जिनसाठी त्यांचे बघा ना, नाही कुठे म्हटलं? हेजसाठी (उलट सौद्याने जोखीम झाकायला) माझे. दोन प्रश्न, दोन आकडे.

खडूस
आत्ता म्हणालात "संपलं".

पुस्तकी_पंडित
बरं, संपलं नाही.

वामकुक्षी
भांडा भांडा, आम्ही शिकतोय.

रात्रपाळी
दोघांचंही ठेवा. मी शेजारी-शेजारी दोन कॉलम ठेवते आणि फरक ठरावीक मर्यादेच्या पुढे गेला की ओळ लाल होते. फरक दिसला तर बहुतेक वेळा दोषी तीनच: फॉरवर्ड, वेळ किंवा एकक.

फॉरवर्ड: इंडेक्सचा स्पॉट भाव सूत्रात टाकू नका. टिकरमध्ये 'अंडरलाइंग प्राइस' वेगळा येतो, तो त्याच एक्स्पायरीच्या फ्यूचरचा असतो. त्या तारखेचं फ्यूचर नसेल तर कृत्रिम काढलेला. लांबच्या एक्स्पायरीला स्पॉट आणि फॉरवर्डमध्ये चांगलीच दरी असते आणि ती थेट डेल्टात उतरते.

वेळ: एक्स्पायरी सकाळी ८ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेने). तारखांची वजाबाकी करून पूर्ण दिवस धरलेत तर शेवटच्या दिवशी काही खरं नाही. मिलिसेकंदांच्या टाइमस्टॅम्पवरून काढा आणि ३६५ ने भागा. हा बाजार शनिवार-रविवारही चालू असतो, शेअर बाजाराच्या सवयीने २५२ (वर्षातले व्यवहाराचे दिवस) घातलेत तर थीटा ४५ टक्के जास्त दिसेल.

एककं तपासायची एक युक्ती आहे, कुठल्याही एक्स्चेंजला चालते. व्याजदर शून्य धरला की थीटा (दिवसाला) भागिले व्हेगा (आयव्हीच्या एका टक्क्याला) = आयव्ही टक्क्यांत भागिले उरलेल्या दिवसांची दुप्पट. चिन्ह सोडून द्या. स्ट्राइक कुठलाही असो, कॉल असो वा पुट, कारण दोन्ही सूत्रांतला अवघड भाग एकच आहे, तो भागाकारात कटतो.

पंडितांच्या उदाहरणात आयव्ही ६०, दिवस ३०. म्हणजे गुणोत्तर १ यायला हवं. येतंच: व्हेगा ११३.९५ डॉलर, थीटा −११३.९५ डॉलर. आयव्ही ४५ आणि १५ दिवस असतील तर १.५. आता एक्स्चेंजच्या आकड्यांवर हे लावा. शंभरपट कमी आलं तर व्हेगा पूर्ण १.०० आयव्हीला दिलाय. ३६५ पट जास्त आलं तर थीटा वर्षाचा आहे. १.४५ पट आलं तर कुणीतरी २५२ वापरलंय.

कोरडा_विदा
दंडवत घ्या ताई. हे कुठल्या डॉक्युमेंटेशनमध्ये सापडणार नाही. ओकेएक्सच्या दोन्ही संचांवर लावून बघतो.

नवखा_पुट
मध्येच विचारतो, रागावू नका. माझ्या तक्त्यात आज एक्स्पायर होणाऱ्या ॲट-द-मनी कॉलचा थीटा त्याच्या पूर्ण किमतीपेक्षा जास्त दिसतोय. जेवढी किंमत आहे त्यापेक्षा जास्त कशी झिजेल? एपीआयचा बग का?

रात्रपाळी
बग नाही. थीटा हा या क्षणाचा वेग, 'याच वेगाने पूर्ण दिवस झिजला तर' असा. ॲट-द-मनीचं मूल्य उरलेल्या वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, त्यामुळे १२ तासांपेक्षा कमी उरले की दिवसाचा थीटा किमतीच्या पुढे जातो. एवढा वेळच उरलेला नाही, म्हणून प्रत्यक्षात तेवढं झिजत नाही. शेवटच्या दिवशी थीटाचा कॉलम तासाला किती असा करा.

शेपटीवाला
शेवटच्या दिवसाचा विषय निघालाच आहे तर शेवटच्या अर्ध्या तासाचंही बोला. डेरिबिटवर सेटलमेंट भाव हा शेवटच्या क्षणाचा नसतो, ७:३० ते ८ या अर्ध्या तासातल्या इंडेक्सची सरासरी असतो. ७:४५ ला निम्मी सरासरी ठरून गेलेली असते. त्यानंतर बाजार १,००० डॉलर उडाला आणि तिथेच थांबला तर सेटलमेंट सुमारे ५०० च हलेल. म्हणजे पैशात असलेल्या (इन-द-मनी, भाव स्ट्राइकच्या वर असलेल्या) कॉलचा खरा डेल्टा १ नाही, ०.५ च्या आसपास आणि मिनिटागणिक उतरता. घरगुती ब्लॅक-७६ ला याचा पत्ता नसतो, तो १ दाखवत राहतो. तेवढं हेज धरून बसलात तर ८ वाजता हातात नुसतं फ्यूचर उरतं.

पुस्तकी_पंडित
मान्य. शेवटच्या अर्ध्या तासात तो आशियाई (सरासरी भावावर ठरणारा) ऑप्शन होतो. इथे पाच ओळी पुरत नाहीत.

खडूस
नोंद घेतली. :)

गॅमासुर
अवांतर: सगळे ग्रीक्स शून्य ठेवण्याची माझी पद्धत सांगू का? पोझिशनच घेत नाही.

वामकुक्षी
+१ =))

उंबरठा
पहिला तक्ता उभा राहिला. डेरिबिटसाठी पोझिशन्सपुरते टिकर वेबसॉकेटवर, बाकी दोन्हीकडे एकेक एपीआय कॉल. गुणोत्तराची कसोटी बहुतेक ओळींत पास. नापास झालेल्यांत दोन प्रकार दिसतात: फार खोल इन-द-मनी, आणि काही ओळींत बिड आयव्ही (खरेदीदाराच्या बोलीवरून निघालेली) शून्य. शून्य आयव्हीचं काय करू?

शिवाय बेरजेबद्दल शंका आहे. डेल्टाची बेरीज समजते, पण एका आठवड्याचा व्हेगा आणि सहा महिन्यांचा व्हेगा एकाच बेरजेत टाकणं पटत नाही.

कोरडा_विदा
बिड आयव्ही शून्य म्हणजे बिडच नाही, किंवा बिड इतका खाली आहे की कुठलीच आयव्ही बसत नाही. ते शून्य सरासरीत घेऊ नका, 'नॅन' (NaN, म्हणजे आकडा नाही) करा. ग्रीक्ससाठी मार्क आयव्हीच धरा, बिड-आस्क फक्त तो मार्क किती भरवशाचा आहे हे बघायला. खोल इन-द-मनीला व्हेगा आणि थीटा दोन्ही इतके बारीक की भागाकारात नुसता गोलाईचा कचरा उरतो. तिथे कसोटी लावूच नका.

रात्रपाळी
व्हेगाची शंका रास्त आहे. जवळची आयव्ही दहा टक्के उडते तेव्हा लांबची जेमतेम हलते. सरधोपट उपाय म्हणजे प्रत्येक व्हेगाला ३० भागिले उरलेले दिवस यांच्या वर्गमुळाने गुणायचं आणि मग बेरीज. १२० दिवसांचा व्हेगा निम्मा धरला जातो, साडेसात दिवसांचा दुप्पट. हे गृहीतक आहे, कायदा नाही. एखाद्या ठरलेल्या घटनेची तारीख मध्ये असेल तर तिच्या आधीची आणि नंतरची एक्स्पायरी वेगळी वागते आणि वर्गमूळ तोंडावर पडतं. म्हणून मी बेरजेच्या खाली एक्स्पायरीनुसार फोड ठेवतेच.

गॅमाही तसाच फोडून बघा. उद्याचा गॅमा आणि तीन महिन्यांनंतरचा गॅमा यांची बेरीज शून्य आली म्हणून कुणी निवांत झोपू नये.

शेपटीवाला
आणि हे सगळे ग्रीक्स 'आयव्ही जागची हलणार नाही' असं धरून आहेत. बिटकॉइन आठ टक्के पडला की आयव्हीही उडते, मग तुमचा डेल्टा कुठल्या कुठे. तक्त्याच्या शेजारी सरळ पुनर्मूल्यांकन ठेवा: भाव ±५, ±१०, ±२० टक्के आणि आयव्ही वर-खाली, प्रत्येक चौकटीत पूर्ण पोर्टफोलिओची किंमत. ब्लॅक-७६ घरी आहेच, चौकटी भरायला सेकंदही लागत नाही. मी तर ग्रीक्सपेक्षा आधी तेच बघतो.

पुस्तकी_पंडित
ग्रीक्स कशामुळे ते सांगतात, चौकटी किती ते सांगतात. दोन्ही लागतात.

मृगजळ
उशिरा आलोय. हे सगळं चालू क्षणाचं झालं. मागच्या वर्षांचे ग्रीक्स कुठे मिळतील? बॅकटेस्ट (जुन्या आकड्यांवर पद्धत तपासणं) करायचीय.

कोरडा_विदा
@मृगजळ, एक्स्चेंजच्या टिकरला मागचं आठवत नसतं. तुम्ही साठवलंत तर तुमचं. विकतचा विदा हवा तर टार्डिस बघा. त्यांच्या 'ऑप्शन्स चेन' फायलींत मार्क आयव्ही, अंडरलाइंग प्राइस आणि पाचही ग्रीक्स असतात, डेरिबिटचा २०१९ पासूनचा. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेची फाइल फुकट मिळते, त्यावर आधी कोड घासून घ्या. फायली अवाढव्य असतात, पूर्ण मेमरीत ओढायला जाऊ नका. आणि गॅमा तिथेही स्वतःच काढा, वर रात्रपाळींनी लिहिलेलं कारण तिथेही लागू.

आजपासून स्वतः साठवणार असाल तर दर मिनिटाला पूर्ण चेनचा मार्क आयव्ही, अंडरलाइंग प्राइस आणि एक्स्चेंजचा टाइमस्टॅम्प, एवढं पुरतं. ग्रीक्स साठवायची गरजच नाही, हवे तेव्हा काढता येतात.

उंबरठा
आज सकाळी ८ यूटीसीनंतर नवीन उघडलेल्या एक्स्पायरीचा एक ऑप्शन घेतला, तर स्क्रिप्ट म्हणते असा सिंबॉलच नाही. एक्स्चेंजवर तर दिसतोय.

कोरडा_विदा
लायब्ररी बाजारांची यादी एकदा ओढते आणि तीच धरून बसते. जुनी एक्स्पायरी गेली, नवी यादीत आली, हे तिला कळत नाही. लोड-मार्केट्सला रीलोडसाठी 'ट्रू' देऊन पुन्हा बोलवा. रोज ८ नंतर पाच मिनिटांनी आपोआप चालेल असं लावून ठेवा, आणि संपलेल्या सिंबॉलचं सबस्क्रिप्शन त्याच वेळी बंद करा, नाहीतर शेवटचा आलेला डेल्टा बेरजेत तसाच लटकत राहील.